तुमचा वाचक शेजारच्याच गावात राहतो

पत्र, थोडक्यात

मी मानवशास्त्राची संशोधक. बीड जिल्ह्यातल्या एका ऊसतोड टोळीबरोबर दोन हंगाम पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाच्या फडांवर राहून पीएच.डी.चं काम केलं. प्रबंध इंग्रजीत आहे. तो जमा झालाय, तोंडी परीक्षा व्हायची आहे. आता एका मराठी दैनिकाने रविवार पुरवणीसाठी लेखमाला मागितली आहे. त्यांना फोटो हवेत, जमल्यास रेकॉर्ड केलेले आवाजही. प्रबंधात जिला मी 'सुमन' म्हटलंय, तिची गोष्ट मालेचा कणा असावी असं संपादकांना वाटतं. टोळी जमवणाऱ्या एका मुकादमाची उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, फिटायच्या आत सुमन आणि तिचा नवरा दुसऱ्या टोळीत गेले, त्यावरून घरावर माणसं आली. तिची पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढलेली आहे. पोरीचं लग्न सोळाव्या वर्षी लावलं. हे सगळं तिनेच सांगितलं. लिहू का विचारलं तर म्हणाली, "लिही की, कळू दे सगळ्यांना." तिचा मुलगा म्हणतो, "आमची अब्रू पेपरात कशाला?" मार्गदर्शक म्हणतात, आधी शोधनिबंध छापा, वर्तमानपत्राची घाई नको. चळवळीतली मैत्रीण म्हणते, त्यांच्या भाकरीवर डिग्री मिळवलीस, आता गप्प बसणं हा विश्वासघात. नावं तर मी बदललीच आहेत. मग अडतंय कुठे, ते मलाच कळेनासं झालंय.

उत्तर

तुमचं पत्र छापण्याआधी मी त्यातून विद्यापीठ, मार्गदर्शकांचं आडनाव, साखर कारखाना, तालुका आणि सुमनच्या मुलांची संख्या काढून टाकली. जिल्हा ठेवला, कारण तिथून दर हंगामाला लाखो माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात आणि त्या गर्दीत एक टोळी हाती लागत नाही. एवढं करूनही तुमच्या विभागातले दोघे-तिघे हे वाचून तुम्हाला ओळखतीलच. त्याने तुमचं फारसं बिघडणार नाही. चहाच्या टपरीवर एखादा शेरा, फार तर. सुमनला ओळखणाऱ्यांबद्दल असं म्हणता येईल का?

माझ्या मते तुमचं अडतंय ते इथे. 'लोकांपर्यंत पोचवायचं' असं म्हणताना तुमच्या डोळ्यांपुढे पुण्या-मुंबईतला सुशिक्षित वाचक आहे. त्याला हळहळ वाटेल, कुणी मंत्री दखल घेईल, एखादी संस्था मदतीला येईल. मराठी दैनिक मात्र तालुक्यालाही येतं. ते मुकादम वाचतो, सरपंच वाचतो, सुमनच्या पोरीच्या सासरचे वाचतात. जे छापील वाचत नाहीत त्यांच्या व्हॉट्सॲपवर कात्रणाचा फोटो दुपारपर्यंत पोचतो. इंग्रजी प्रबंधात 'सुमन' हे नाव बऱ्यापैकी आडोसा देत होतं, कारण तो वाचणाऱ्यांना त्या गावाशी काही देणंघेणं नव्हतं. मराठीत आल्यावर नावाला कुणी विचारणारच नाही. उचल बुडवून दुसऱ्या टोळीत गेलेलं जोडपं, बाईची पिशवी काढलेली, पोरीचं लग्न लवकर लावलेलं, मुलगा असा असा: एवढे चार तपशील एकत्र आले की दहा गावांच्या टापूत एकच घर उरतं.

हे नुसतं माझं भय नाही. नॅन्सी शेपर-ह्यूज या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ बाईंनी आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या एका खेड्यात राहून तिथल्या मानसिक आजारांवर आणि कुटुंबांवर लिहिलं. पुस्तक १९७९ साली आलं. गावाचं नाव बदललं होतं, माणसांची बदलली होती. एका पत्रकाराने गाव शोधून काढलं. गावकऱ्यांना तर पत्रकाराचीही गरज नव्हती, कोण कोण आहे ते त्यांना पानापानावर कळत होतं. वीस वर्षांनी, १९९९ साली, बाई परत गेल्या तेव्हा त्यांना गावातून निघून जायला लावलं. घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर आणल्या आणि आमच्यातलं चांगलं तेवढं गाळलं, असा लोकांचा राग होता. त्यानंतर बाईंनी जे लिहिलं ते मला जास्त मोलाचं वाटतं. टोपणनावांनी माणसांचं रक्षण होत नाहीच, उलट लिहिणारा सैल सुटतो, अशा अर्थाचं ते होतं. खरं नाव घालायचं असतं तर जे वाक्य लिहायला आपण धजलो नसतो, ते टोपणनावाच्या आडून लिहून जातो.

ही कसोटी तुमच्या मसुद्याला लावून बघा. प्रत्येक परिच्छेद सुमनचं खरं नाव घालून, तिच्यासमोर मोठ्याने वाचता येईल का? जिथे तुमचा आवाज बारीक होईल तिथे खूण करा.

मग मार्गदर्शकांचं ऐकून गप्प बसायचं? तसंही नाही. त्यांचा सल्ला सुरक्षित आहे तो त्यांना आणि तुम्हाला. शोधनिबंध आधी छापला की सुमनचा धोका कमी होतो, असं त्यात काही नाही. शिवाय प्रबंध काही कुलपात राहणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांमुळे प्रबंध 'शोधगंगा' या सर्वांना खुल्या संकेतस्थळावर चढतात आणि कुणीही ते उतरवून घेऊ शकतं. तुमची तोंडी परीक्षा अजून व्हायची आहे, म्हणजे दुरुस्तीला वाव आहे. आजच ऋणनिर्देशाचं पान उघडा. अनेक प्रबंधांत आत सगळी नावं काळजीपूर्वक बदललेली असतात आणि ऋणनिर्देशात गावाचं नाव, गावातल्या आशा सेविकेचं नाव, ज्यांच्या ओसरीवर राहिलो त्या घराचं आडनाव मोठ्या प्रेमाने लिहिलेलं असतं. परिशिष्टातले नकाशे आणि फोटोही तपासा. प्रबंध काही वर्षं बंद ठेवण्याची सोय आहे का, हे विद्यापीठाला लेखी विचारा.

मैत्रिणीच्या बोलण्यात तथ्य आहे आणि त्याचा पुरावा तुमच्याच जिल्ह्यात आहे. २०१९ साली ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्या नसत्या, तर तीन वर्षांत जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या हा आकडा विधिमंडळात आला नसता. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. खासगी दवाखान्यांनी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय ही शस्त्रक्रिया करू नये, असं बंधन आलं. कुणीतरी लिहिलं, म्हणून हे झालं.

त्याच बातम्यांनी दुसरंही एक काम केलं. 'गर्भाशय नसलेल्या बायकांचं गाव' अशा मथळ्यांखाली एका गावाचं नाव देशभर आणि देशाबाहेर फिरलं. मी ते इथे लिहीत नाही, शोधलं तर एका मिनिटात सापडेल. बायकांची नावं छापली, वयं छापली, फोटो छापले. आता त्या गावातली मुलगी सोयरिकीला दाखवायची तर गावाचं नाव सांगताना आईबापांना काय वाटत असेल, याचा विचार मथळा देणाऱ्याने केला असेल असं मला वाटत नाही. दवाखान्यांची नावं त्या गावाइतकी कुणाच्या लक्षात राहिली?

तुम्हाला सांगायचं आहे ते यातच आहे. माहिती उघड करताना आपला हात नेहमी सोप्या बाजूला जातो. बाई दार उघडते, चहा देते, बोलते. कारखान्याचा शेतकी अधिकारी भेटीची वेळ देत नाही. त्यामुळे आपल्या वहीत बाईचं पोटातलं सगळं येतं आणि कारखान्याचं काहीच येत नाही. मग ओळख लपवण्याचे नियम आपण दोघांनाही सारखेच लावतो. माझ्या मते ते उलटे लावायला हवेत. जो दुबळा त्याचं जितकं झाकता येईल तितकं झाका, जी रीत आहे, जो हिशेब आहे, तो जितका उघडा करता येईल तितका करा.

आणि तो हिशेब लोकांना माहीत नाही! साखर खाणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे की 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी आणि एकटा माणूस 'अर्धा कोयता'? उचल जोडीच्या नावावर, पैसे घेतो नवरा, फेडते दोघांची पाठ. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, त्याची बातमी झाली, पण ती वाढ बाईच्या हातात किती पडली हे सांगायला तिच्या नावाचा कागदच नसतो. पाळीचा त्रास झाला, पोर आजारी पडलं, तरी खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, पडतो आणि तो उचलीवर चढतो. वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, कुणाच्या मालकीचं, ते कोण विकतं, गाडी रिकामी व्हायला कारखान्यावर रात्र गेली तर त्या रात्रीचे पैसे कोण देतं? पिशवी काढण्यामागे खाडा किती, डॉक्टरने घातलेली कॅन्सरची भीती किती आणि अंगावरून जाण्यावर साधा इलाज न मिळणं किती? यातलं काहीही लिहायला सुमनच्या घराचं दार उघडावं लागत नाही. दोन हंगाम फडावर राहिल्यामुळे हे तुम्हाला जितकं नेमकं माहीत आहे तितकं मुंबईहून एका दिवसासाठी आलेल्या वार्ताहराला कळणार नाही. संपादकांना 'कणा' हवा असेल तर मुकादमाच्या वहीचं एक पान, नावं पुसून, पहिल्या भागात द्या. वही त्याची आहे, तेव्हा छायाचित्र न देता हिशेब नव्याने मांडून द्या.

मुकादमाचीही बाजू लिहा. त्याने कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून पैसे उचललेले असतात, कधी स्वतःची जमीन अडकवलेली असते. टोळी पळाली की त्याच्याही दारात माणसं येतात. ही साखळी दाखवली नाही तर तुमची लेखमाला गावातल्या एका माणसाविरुद्धची तक्रार होऊन बसेल, आणि त्याचा राग निघेल तो सुमनवर.

आता संमतीबद्दल. "लिही की, कळू दे सगळ्यांना" हे तिने मनापासून म्हटलं असणार. पण तिच्या लेखी लिहिणं म्हणजे काय, हे तुम्ही विचारलंत का? फडावर वही घेऊन येणारी बाई म्हणजे सरकारची, निदान सरकारला कळवणारी, असं अनेकांना वाटतं. 'सगळ्यांना' म्हणजे कलेक्टरला, घरकुलाच्या यादीवाल्याला. आपल्या जावेला आणि आधीच्या मुकादमाला तिने त्यात धरलेलं नसतं. तेव्हा परत विचारा, आणि एकदाच नको. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, टोळी गावी परतली की जा. मसुदा मराठीत लिहिलेला असू द्या आणि तो तिला वाचून दाखवा, तिच्याच बोलीत, मुकादमाचं माणूस आसपास नसताना. बायकांना वेगळं, पुरुषांना वेगळं. नुसतं "चालेल ना?" विचारलंत तर ती "चालेल" म्हणेल, कारण तुम्ही पाहुण्या आहात आणि पाहुणीला नाही म्हणत नाहीत. असं विचारा: हे कुणी वाचलं तर तुला त्रास होईल? यातलं काय काढू? तुझ्या गावात हे वाचून कोण म्हणेल की ही अमकीची गोष्ट? ती माणसं कोण, ते तिला तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं.

मुलाला मात्र 'पुरुषी अहंकार' म्हणून मोडीत काढू नका, तुमच्या पत्रात तसा सूर होता. फोन त्याच्या हातात आहे, कात्रण आधी त्यालाच दिसणार आहे, आणि वसुलीला माणसं आली तेव्हा दारात तोच उभा राहिला असेल. त्याला धोका दिसतोय, त्याला तो अब्रू म्हणतोय. उलट, आईच्या दुखण्यावर त्याचा हक्क नाही. पिशवीबद्दल बोलायचं की नाही, ते ती ठरवेल. उचलीची भानगड साऱ्या घराची आहे, तिथे एकट्या आईचा होकार पुरत नाही. बहिणीच्या लग्नाचं तर या दोघांपैकी कुणीच ठरवू शकत नाही, कारण ती गोष्ट बहिणीची आहे आणि तिला अजून कुणी विचारलेलंच नाही.

या लग्नाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथे छापायचं की नाही हा प्रश्न दुसरा येतो. ती मुलगी आज अठराच्या आत असेल, तर पहिला प्रश्न ती कशी आहे हा. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्यात अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती कळवण्याची जबाबदारी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर अठराच्या आतल्या पत्नीशी शरीरसंबंध हाही गुन्हा ठरतो. बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली (२००६) लग्न लावणारे आईवडीलही दोषी ठरतात. म्हणजे जी गोष्ट सुमनने विश्वासाने सांगितली, ती छापून तुम्ही तिलाच आरोपी करू शकता, आणि न कळवून स्वतः अडचणीत येऊ शकता. लेखमालेचं बाजूला ठेवा आणि बालहक्कांचं काम करणाऱ्या एखाद्या वकिलाला या आठवड्यात भेटा. मुलीला त्रास असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, जिल्ह्याचा बाल संरक्षण कक्ष आहे. सुमनला अंधारात ठेवून काही करू नका, पण 'मी संशोधक, मला गुप्तता पाळावी लागते' या आडोशाला बसू नका. आपल्या कायद्यात वकिलाला अशिलाबद्दल गुप्तता पाळण्याचं संरक्षण आहे. संशोधकाला तसं काही नाही.

तुमच्या रेकॉर्डिंगबद्दलही हेच. बॉस्टन कॉलेजने २००१ ते २००६ या काळात उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र संघटनांच्या माजी सदस्यांच्या मुलाखती घेतल्या, मरेपर्यंत त्या बाहेर येणार नाहीत असं वचन देऊन. २०११ साली ब्रिटिश पोलिसांसाठी अमेरिकेत समन्स निघालं आणि शेवटी काही ध्वनिफिती द्याव्या लागल्या. तुमच्या टोळीची गोष्ट इतकी स्फोटक नाही, पण उचलीची वसुली, मारहाण, पोरीचं लग्न, सगळं त्या फायलींत आहे. वर्तमानपत्राला आवाज देऊ नका, नाव बदलून तर मुळीच नको, कारण आवाज नावाहून लवकर ओळखू येतो. खऱ्या नावांची यादी वेगळ्या जागी, कुलूपबंद ठेवा. जे लागणार नाही ते पुसून टाका आणि काय पुसलं याची नोंद ठेवा. फोटोंत चेहरा नसला तरी गोंदण असतं, गाडीचा नंबर असतो, मागे कारखान्याचा बोर्ड असतो, आणि मोबाइलवर काढलेल्या फोटोत बहुतेक वेळा जागेची नोंदही दडलेली असते. तुटलेला ऊस, मोळ्या, कोप्या (फडावरच्या झोपड्या), कोयत्याची मूठ, एवढ्यावर पुरवणीचं पान सजतं.

इथे एक आठवण करून द्यावीशी वाटते. माणसांच्या चालीरीती गोळा करून लोकांपुढे मांडणं आपल्याकडे नेहमीच भलं ठरलेलं नाही. मुंबई इलाख्यात १९०८ साली पोलिसांनी 'गुन्हेगार वर्गां'वर पुस्तक काढलं. त्यात कुठली जमात कशी राहते, कसे वेष घेते, कशी बोलते, असले तपशील होते. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये गेला, पण ती वर्णनं पोलीस ठाण्यांतून इतक्या सहज गेली नाहीत. तुमच्या लेखात 'ही माणसं उचल घेऊन पळतात' असं एक जरी सुटं वाक्य गेलं, तर पुढच्या हंगामात कुणीतरी ते पुरावा म्हणून वापरेल. पळतात ते का, हे त्याच वाक्यात यायला हवं, पुढच्या भागात नको.

तीन-चार बायकांचे अनुभव एकत्र करून एक बाई उभी करावी का, असंही तुमच्या मनात येत असेल. करता येईल. मात्र पहिल्याच भागात वाचकाला तसं सांगा. नाही सांगितलंत तर ते खोटं ठरतं, आणि सांगितलंत की एक फायदा होतो: मुकादमाला कुणा एकीवर बोट ठेवता येत नाही. मी तुमच्या जागी असते तर उचलीची गोष्ट एका भागात, पिशवीची दुसऱ्या भागात, वेगवेगळ्या बायकांच्या तोंडून दिली असती आणि लग्नाची गाळली असती.

मानधनाचं काय, हेही कुणीतरी विचारेल. त्याचा नियम मला सांगता येत नाही. टोळीला सांगून टाका की लेखांचे इतके पैसे मिळणार आहेत, म्हणजे मग ते काय म्हणतात ते कळेल.

आता संपादकांशी बोला. ऑगस्ट-सप्टेंबरला, नव्या उचलीची बोलणी गावोगाव चालू असताना, माला छापू नका. त्या दिवसांत सुमनच्या घराला मुकादमाची सगळ्यात जास्त गरज असते. टोळ्या फडावर पोचल्यावर, गाळप जोरात असताना छापा, तेव्हा हिशेबाच्या लेखांना वाचकही मिळतील. मथळे तुम्हाला आधी दाखवायचे, गाव-तालुका द्यायचा नाही, 'अमक्यांचं गाव' असलं शीर्षक चालणार नाही, ऑनलाइन आवृत्तीत तुमची परवानगी न घेता फोटो बदलायचा नाही, हे ईमेलवर लिहून घ्या. तोंडी 'हो हो ताई' वर जाऊ नका, पुरवणीचा मथळा रात्री बारा वाजता कुणीतरी तिसराच देतो. संपादक अडून बसले की सुमनच हवी आणि तिचा फोटोच हवा, तर त्यांना नकार कळवा आणि हिशेबाचे लेख दुसऱ्या दैनिकाकडे पाठवा.